कोकणातली परसबाग : पाणी घालायच्या आधी पाणी काढायला शिका

भाजीपाल्याच्या बागेबद्दल ऑनलाइन जे काय वाचायला मिळतं ते बहुतेक घाटावरच्या हिशोबानं लिहिलेलं असतं. काळी माती, पाऊस बेताचा, ठिबक लावा, पाणी वाचवा, वाफा खोलगट करा म्हणजे ओल टिकेल वगैरे. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्याच्या चार महिन्यांतच अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, काही ठिकाणी त्याहून जास्त, आणि मग ऑक्टोबरपासून मेपर्यंत जवळपास काहीच नाही. म्हणजे घाटावरचा खोलगट वाफा आपल्या अंगणात केला तर जुलैत त्याचं डबकं होतं आणि रोप आठ दिवसांत पिवळं पडतं. कोकणात परसातली भाजी पाण्यावाचून मरते त्यापेक्षा जास्त पाण्यानं मरते, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. पावसात जी बाग फळते ती मे महिन्यातच ठरलेली असते, त्यामुळे मी सुरुवात तिथूनच करतो.

आधी माती

आपली माती जांभ्याची, तांबडी. निचरा चांगला, पण एवढ्या पावसात चुना, पालाश (पोटॅश) सगळं धुवून जातं आणि माती आम्ल होते, सामू (pH) साधारण पाच ते साडेसहाच्या मध्ये कुठेतरी असतो. शिवाय या मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर, ते स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात, मग खत घातलं तरी झाडाला मिळत नाही. म्हणून नुसती रासायनिक खताची पुडी आणून टाकली की झालं असं इथे होत नाही. कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट भरपूर पाहिजेच, तेच स्फुरद मोकळा ठेवतं आणि धुवून जाणारी खतंही धरून ठेवतं. एका चौरस मीटरला तीन-चार किलो घाला, थोडं जास्त झालं तरी बिघडत नाही पण पूर्ण कुजलेलं पाहिजे, कच्च्या शेणात हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) आणि वाळवी दोन्ही येतात.

आम्लपणा कमी करायला शेतीचा चुना किंवा डोलोमाइट, चौरस मीटरला शंभर-दीडशे ग्रॅम, मेच्या पहिल्या पंधरवड्यात मातीत मिसळून वर थोडं पाणी शिंपडून ठेवा. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका, दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर खतातलं नत्र (नायट्रोजन) वायू होऊन उडून जातं. ज्यांच्या घरी अजून चूल पेटते किंवा न्हाणीत पाणी तापवायला लाकडं जाळतात त्यांच्याकडे तर सोनं आहे, लाकडाची राख. राखेत चुनाही असतो आणि पालाशही, म्हणजे आपल्या मातीत जे नाही तेच. चाळून कोरड्या डब्यात ठेवा, पावसात भिजलेली राख निम्मी वाया जाते. फक्त प्लास्टिक जाळलेल्या चुलीची राख नको.

एकदा मातीचा नमुना तपासून घ्या, कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत होतं, कृषी विज्ञान केंद्रात होतं. सामू कळला की चुना किती घालायचा याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही.

आणि एक कळकळीचं सांगणं, पाला जाळू नका. मार्च-एप्रिलमध्ये आंबा, फणस, काजू, साग यांचा एवढा पाला पडतो आणि घरोघरी तो झाडून कोपऱ्यात पेटवतात. भाताच्या तरव्यासाठी (रोपांसाठी) राब भाजतात, म्हणजे जमिनीवर पाला-फांद्या जाळतात, त्याची कारणं वेगळी, पण परसातला पाला जाळायचं काही कारणच नाही. खड्ड्यात किंवा चार चिरे लावून केलेल्या हौदात पाल्याचा एक थर, वर शेणकाला, परत पाला असं रचा, ओलसर ठेवा, पावसाचं थेट पाणी पडणार नाही असं वर झाप किंवा पत्रा टाका. आंब्या-फणसाचं पान जाड असतं, कुजायला वेळ लागतो, तुडवून बारीक केलं तर लवकर होतं. कुंपणाला गिरिपुष्प असेल तर त्याचा हिरवा पाला मध्ये मध्ये घाला, त्यात नत्र चांगलं असतं आणि ढीग तापतो. साधारण तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. नसेल गिरिपुष्प तर यंदा पावसाच्या तोंडावर वईला त्याच्या फांद्या खोचून ठेवा, जगतातच.

जागा आणि गादीवाफा

दिवसाला किमान सहा तास ऊन पाहिजे, आणि पावसाळ्यात तसंही ऊन कमी म्हणून झाडाखालची जागा फळभाज्यांना देऊ नका. माडाखाली, आंब्याच्या सावलीत अळू, सुरण, हळद, आलं लावा, त्यांना चालतं. पागोळ्या पडतात त्या रेषेपासून लांब राहा, कौलांवरून पडणारी धार कोवळं रोप उखडून टाकते आणि मातीही वाहून नेते.

वाफा उंच करायचा. रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचेल, लांबी जागेप्रमाणे, आणि उंची निदान एक फूट. कडेला फुटके चिरे किंवा नारळाची सोडणं लावून घ्या नाहीतर जुलैपर्यंत वाफा सपाट होतो. दोन वाफ्यांमध्ये चर काढा आणि तो चर उताराच्या बाजूला मोकळा सोडा, हे लोक विसरतात, चर काढतात पण पाणी जायला वाट ठेवत नाहीत. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर उभं राहा आणि पाणी कुठून येतंय, कुठे साठतंय ते बघा. दहा मिनिटांत जे कळतं ते कुठल्या पुस्तकात कळणार नाही.

वेलांसाठी वाफा नको, आळं चालेल पण उलटं आळं, म्हणजे खड्डा दीड फुटाचा करून तो खत-मातीनं भरायचा आणि वर अर्धा-पाऊण फूट ढीग करायचा. रोप त्या ढिगावर.

मे महिन्यात खणलेली माती दहा-पंधरा दिवस उन्हात तशीच उघडी तापू द्या. तणाचं बी, हुमणीच्या अळ्या, रोगाचे जंतू बरेच कमी होतात. शेवटच्या आठवड्यात खत मिसळताना पाच किलो कंपोस्टमध्ये पन्नास ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) घालून ते थोडं ओलं करून आठवडाभर सावलीत झाकून ठेवलेलं असेल तर उत्तम, पावसाळ्यातल्या मूळकुजीला त्यानं चांगला आळा बसतो.

काय आणि कधी, गणपतीपासून मागे मोजा

पावसाळी भाजीचं माझं गणित अगदी साधं आहे. गणपतीत आणि ऋषिपंचमीला घरची भाजी पाहिजे. ऋषीच्या भाजीला अळू, माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, सुरण, भोपळा, मका, अंबाडी हे सगळं लागतं आणि बैलाच्या कष्टाचं नको म्हणून परसातलंच हवं, म्हणजे आपल्या पूर्वजांनी परसबागेचं वेळापत्रकच लिहून ठेवलंय. शिराळं पेरल्यापासून पन्नास-साठ दिवसांत लागतं, पडवळ साठ-सत्तर दिवस घेतं, भेंडी पन्नासच्या आसपास, तवसंही (मोठी काकडी) तेवढंच. भेंडीसारखं लवकर येणारं जूनच्या शेवटापर्यंत पेरलं तरी चालतं, पडवळ-शिराळं मात्र मेचा शेवट ते जूनचा पहिला आठवडा, म्हणजे रोहिणी ते मृग.

वेलांचं बी थेट ढिगावर टाकण्यापेक्षा पंचवीस मेच्या सुमारास छोट्या पिशव्यांत, ओसरीच्या कडेला किंवा पत्र्याखाली लावा. पहिला पाऊस कोसळतो तेव्हा रोपाला तीन-चार पानं असली की ते तग धरतं. कारलं आणि पडवळाचं बी कडक असतं, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, मग ओल्या फडक्यात गुंडाळून मोड आल्यावर लावा. पिशवी फाडून मुळांचा गोळा न फोडता लावायचं, वेलांची मुळं दुखावली तर ती आठ-दहा दिवस रुसतात. दुधी, भोपळा, कोहळा, घोसाळं, चिबूड सगळ्यांचं हेच.

भेंडी मात्र जागेवरच पेरायची, दोन फुटांवर ओळ, एक फुटावर झाड, एका ठिकाणी दोन बिया आणि नंतर जोमदार ठेवून दुसरं कापून टाका, उपटू नका, उपटलं तर शेजारच्या झाडाचं मूळ हलतं. मिरची-वांग्याचं बी मेच्या मध्यावर ट्रेमध्ये छपराखाली टाका, रोपं पाच-सहा आठवड्यांची झाली की जूनअखेर किंवा जुलैतल्या उघडीपीत लावा. टोमॅटो पावसाळ्यात लावू नका असं मी स्पष्टच सांगेन, आपल्या पावसात करपा आणि मर दोन्ही येतात, त्याला थंडी आहे.

बियाणं कुठलं? दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ 1972 पासून आपल्याच हवामानासाठी काम करतंय आणि त्यांचे वाण आहेत, शिराळ्याचा कोकण हरिता, कारल्याचा कोकण तारा, वालाचा कोकण भूषण. मिळाले तर आधी ते घ्या. भेंडीत परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या, पानं पिवळी जाळीदार करणारा केवडा त्यांच्यावर कमी येतो. आणि गावातल्या जुन्या वाणाचं बी कुणाकडे असेल, पांढरी जाड भेंडी, हातभर लांब तवसं, तर ते मागून घ्याच, ते इथल्या पावसात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं असतं.

मांडव

मांडव पावसाआधी घाला, वेल चढायला लागल्यावर नाही. बांबू किंवा चिव्याच्या काठ्या, जमिनीत जाणारा दीड-दोन फुटांचा भाग डांबरात बुडवून घेतला तर वाळवी लवकर लागत नाही. उंची सहा फूट, खालून माणूस सरळ चालला पाहिजे, कारण खाली वाकून कोणी रोज किडी बघत नाही हे खरं आहे. वर जाड तार आणि मोठ्या घरांची नायलॉन जाळी. आपला पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, त्या बाजूच्या खांबांना तिरके ठेपे द्या, कारण भरलेला ओला मांडव फार जड होतो आणि एका रात्रीत बसतो.

वेलाचा जमिनीपासून मांडवापर्यंत एकच दांडा ठेवा, मधल्या बगलफुटी काढत जा. मांडवावर पोचून दोन-तीन फूट पसरला की शेंडा खुडा. मग बाजूच्या फांद्या फुटतात आणि मादी फुलं बहुतेक त्या फांद्यांवरच येतात. पडवळ वाकडं व्हायला लागलं तर टोकाला दोरीनं छोटा दगड बांधायची जुनी पद्धत आहे, ती खरंच उपयोगी आहे, फक्त दगड हलका घ्या आणि फळ बोटभर जाड झाल्यावर बांधा.

फुलं येतात पण फळ धरत नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो म्हणून जरा सविस्तर. वेलाला नर आणि मादी फुलं वेगळी येतात. नर फुलाचा देठ बारीक आणि सरळ, मादी फुलामागे इवलंसं फळच दिसतं, दुधीला छोटा दुधी, शिराळ्याला छोटं शिराळं. पहिले दहा-पंधरा दिवस नुसती नर फुलं येतात आणि गळून पडतात, तेव्हा घाबरून खत घालू नका, हे नैसर्गिक आहे. उलट नत्र जास्त झालं, म्हणजे शेणाची स्लरी किंवा युरिया सढळ हातानं दिला, तर पानंच पानं होतात आणि मादी फुलं लांबतात.

मादी फुलं येऊनसुद्धा इवलं फळ पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही. मुसळधार पावसात मधमाश्या फिरत नाहीत, परागकण भिजतात. मग ते काम आपण करायचं. पण वेळ माहीत पाहिजे. भोपळा, काकडी, कारलं, घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात, तेव्हा सकाळी सहा ते नऊमध्ये करा. शिराळं, दुधी आणि पडवळ यांची संध्याकाळी उमलतात, पडवळाचं तर अंधार पडताना, झालरीसारखं पांढरं फूल असतं आणि त्यावर पतंग येतात. सकाळी दुधीच्या कोमेजलेल्या फुलांवर ब्रश फिरवून उपयोग नाही.

करायचं असं. त्याच दिवशी उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधल्या चिकट भागावर हलकेच दोन-तीनदा फिरवा, एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. पाऊस थांबतच नसेल तर उमलायच्या बेतात असलेल्या नर कळ्या आधीच तोडून घरात पेल्यातल्या पाण्यात ठेवा, त्या घरात उमलतात आणि पराग कोरडा मिळतो. मग छत्री धरून जा, लावा, आणि मादी फुलावर कागदाची छोटी टोपी करून रात्रभर ठेवा. तीन-चार दिवसांत फळ हिरवं राहून फुगायला लागलं की जमलं.

पावसाळ्यातलं खत

एकदम भरपूर खत घातलं की ते चार दिवसांत गडग्यापलीकडे वाहून गेलेलं असतं. थोडं थोडं, पंधरा दिवसांनी, आणि उघडीप बघून. शेणाची स्लरी एकास दहा पाणी, आंबवलेली. जीवामृत करायचं असेल तर घरच्यापुरतं दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि मूठभर बांधावरची माती, सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळा, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वापरा आणि आठवड्यात संपवा. फुलं लागायला लागली की प्रत्येक आळ्यात मूठभर राख, बुंध्यापासून वीतभर लांब.

मासे धुतलेलं पाणी अळवाला, केळीला, कढीपत्त्याला खुशाल घाला. मासळीची डोकी-आतडी मात्र नुसती पुरली तर कुत्री सगळा वाफा उकरतात, त्यापेक्षा तेवढाच गूळ घालून झाकणाच्या बरणीत महिनाभर मुरवा, झाकण अगदी घट्ट नको कारण वायू होतो. ते गाळून लिटरभर पाण्याला दोन-तीन मिली घेऊन फवारलं की पानांवर काळोखी येते.

मर, फळमाशी आणि गोगलगाय

वांगं, मिरची, टोमॅटो यांचं हिरवंगार झाड अचानक दुपारी मलूल होतं, संध्याकाळी जरा सावरतं, दोन-तीन दिवसांत आडवं होतं, पान पिवळंसुद्धा पडत नाही. लोक समजतात पाणी कमी पडलं आणि आणखी पाणी घालतात. हा बहुतेक जिवाणूजन्य मर रोग असतो, आपल्या आम्ल, ओल्या, उबदार मातीत त्याला फार मानवतं. ओळखायची पद्धत घरी करता येते : जमिनीलगतचा खोडाचा दोन-तीन इंच तुकडा कापा, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घेऊन तो तुकडा वरून अर्धा बुडेल असा धरा, काही मिनिटांत कापातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरताना दिसला तर तोच रोग. त्यावर फवारणी नाही, औषधवाल्यानं दिलं तरी घेऊ नका. झाड मुळासकट काढून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका, कोयता धुवून घ्या. त्या जागी पुढची काही वर्षं वांगं, मिरची, टोमॅटो, बटाटा, आलं नको, वाली, मका, वेल घ्या. वांगी खायचीच असतील तर नव्या मातीच्या पिशवीत लावा किंवा रानवांग्यावर कलम केलेली रोपं नर्सरीत मिळतात ती आणा.

खालची पानं आधी पिवळी पडत असतील आणि खोड ठीक असेल तर तो रोग नाही, मुळांशी पाणी साठलंय. चर मोकळा करा.

फळमाशीनं तर कारलं-दुधी-काकडीचं निम्मं पीक जातं. माशी कोवळ्या फळात अंडी घालते, तिथे डिंकाचा थेंब दिसतो, फळ वाकडं होऊन कुजतं, आत अळ्या. सापळा लावा, पण कुठला ते बघून. आंब्याच्या बागेत लावतात ती मिथाईल युजेनॉलची गोळी वेलभाज्यांच्या माशीला चालत नाही, तिला क्यू-ल्युर लागते. दोन्ही दिसायला सारख्याच, दुकानदार हाताला येईल ती देतो, त्यामुळे नाव वाचून घ्या. सापळ्यात फक्त नर सापडतात म्हणून तेवढ्यावर भागत नाही. गळलेली, किडकी फळं रोज गोळा करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा. झाडाखाली पडू दिली की अळ्या मातीत जाऊन कोष करतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत नवीन माश्या. आणि परागीभवन झालेल्या फळाला दोन-तीन दिवसांत वर्तमानपत्राची किंवा पातळ कापडाची पिशवी घाला. घरच्या पाच-दहा फळांसाठी याहून खात्रीचं काही नाही, आणि कसलं औषध खायलाही लागत नाही.

मोठी आफ्रिकन गोगलगाय आता आपल्याकडे बऱ्याच गावांत पसरलीय, एका रात्रीत रोपांची ओळ संपवते. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला टाका, खाली कोबीची किंवा पपईची पानं, आणि रात्री आठ-नऊला बॅटरी घेऊन गोळा करा. हातात मोजे किंवा पिशवी घालून, कारण त्यांच्यात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका, पण मीठ वाफ्यावर पसरू नका, माती खराब होते.

बाकी किडींचं थोडक्यात. वेलाच्या कोवळ्या पानांवर तांबडे भुंगे आले तर सकाळी दव असताना राख धुरळा. मिरचीची पानं वर वळत असतील तर फुलकिडे, खाली वळत असतील तर कोळी. वांग्याचा शेंडा मलूल झाला की आत अळी आहे, शेंडा खुडून नष्ट करा. वालीवर मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा आणि साबणाचं पाणी पुरतं. निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात आधी थोडा साबण घोटून घ्या, आणि उघडीप असेल तेव्हाच संध्याकाळी, भर पावसात फवारणं म्हणजे पैसे पाण्यात.

माकडांवर माझ्याकडे पक्का उपाय नाही. जाळी पूर्ण बंदिस्त केली तर थांबतात, बुजगावण्याला चार दिवसांत ओळखतात. घराच्या पडवीजवळ, जिथे माणसांचा वावर असतो तिथे फळभाज्या लावा, आणि लांबच्या तुकड्यात अळू, सुरण, हळद, ज्यांना खाज किंवा वास असतो.

गच्चीवर किंवा गॅलरीत

चिपळूण, रत्नागिरी, अलिबागला फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मिरची-वांग्याला बारा बाय बारा इंचाची पिशवी घ्यावी, वेलांना अठराची. माती, कंपोस्ट आणि भाताचं तूस किंवा जाड नदीची वाळू सारखी मिसळा, तळाला सोडणाचे तुकडे. समुद्राची वाळू नको, मीठ असतं. कोकोपीट पावसाळ्यात कमीच, ते पाणी धरून बसतं. पिशवी विटांवर ठेवा, भोकं तळाशी नाही तर बाजूला खालच्या कडेला पाडा, ती बुजत नाहीत. झडीत पिशव्या भिंतीच्या आडोशाला सरकवा, आणि भरलेल्या पिशवीचं वजन लक्षात घेऊन कठड्याच्या आणि खांबांच्या बाजूला ठेवा, गच्चीच्या मध्यावर नको.

भात कापल्यावरची बाग

दसऱ्या-दिवाळीनंतर सगळं उलट होतं. आता उंच वाफे सुकतात, म्हणून सपाट किंवा थोडे खोलगट वाफे करा. हा खरं तर नवशिक्यांचा हंगाम, रोग कमी, ऊन भरपूर. लाल माठ पंचवीस-तीस दिवसांत, मुळा चाळीस-पंचेचाळीस, पालक महिन्यात. माठाचं बी फार बारीक, चौपट कोरड्या वाळूत मिसळून फेका म्हणजे सारखं पडतं, वर अगदी पातळ माती, आणि वाफ्याभोवती राखेची रेघ ओढा नाहीतर मुंग्या सगळं बी उचलून नेतात. दर पंधरा दिवसांनी एक छोटा वाफा पेरलात तर फेब्रुवारीपर्यंत ताटात पालेभाजी राहते. रायगडकडे शेतात उरलेल्या ओलीवर कडवे वाल करतात, पाणीसुद्धा द्यावं लागत नाही, तुमच्याकडे भाताची जमीन असेल तर हे कराच. टोमॅटो, वाली, वायंगणी मिरची ऑक्टोबर-नोव्हेंबरात. कोबी-फ्लॉवर करायचा तर लवकर येणारा वाण, आपल्याकडे थंडी थोडेच दिवस असते.

किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मार्चपासून मचूळ होत जातं. घेवडा आणि मुळा अशा पाण्यावर लगेच करपतात, पालक आणि बीट बऱ्यापैकी सोसतात. मचूळ पाणी पानांवर शिंपू नका, बुंध्यात द्या, थोडं थोडं रोज देण्यापेक्षा एक दिवसाआड भरपूर द्या म्हणजे मीठ खाली ढकललं जातं. बुंध्याभोवती चार इंच सुका पाला किंवा पेंढा अंथरला की पाणी जवळपास निम्म्यात भागतं. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ.

अळवाबद्दल एक, काळ्या देठाचं वडीला, हिरव्या देठाचं फतफत्याला, आणि दोन्हीला चिंच किंवा आमसूल हवंच, नाहीतर घसा खाजतो. आणि दुधी, शिराळं, घोसाळं कापल्यावर जिभेला तुकडा लावून बघायची सवय ठेवा, कडू लागलं तर पूर्ण फळ टाकून द्या. कडू दुधीच्या रसानं माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत, उकळून तो कडूपणा जात नाही.

बी राखणं

प्रत्येक वेलावरचं सरळ, निरोगी, मधल्या काळात धरलेलं एक फळ बियाण्यासाठी सोडा आणि त्याला रंगीत दोरा बांधा, नाहीतर घरातलं कोणीतरी तोडून भाजी करतं. शिराळं-घोसाळं वेलावरच वाळू द्या, हलवल्यावर खुळखुळलं पाहिजे. तवसं, कारलं, पडवळ पूर्ण पिकवून बी धुवा आणि सावलीत वाळवा. भेंडीची शेंग तडकायला लागली की घ्या. संकरित बियाण्याचं बी ठेवू नका, पुढच्या वर्षी तसं झाड येत नाही. वाळलेलं बी कोरड्या राखेत चोळून काचेच्या बाटलीत, वर वाण आणि महिना लिहून, घरातल्या कोरड्या जागी, कारण आपल्या दमट हवेत उघडं बी एका पावसाळ्यात मरतं. एप्रिलच्या शेवटी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, आठ-दहा दिवसांत सात-आठ उगवल्या तर बी चांगलं, चार-पाचच उगवल्या तर दुप्पट पेरा, आणि दोन-तीनच असतील तर शेजारी कोणाकडे मिळतंय का ते तेव्हाच विचारून ठेवा, मृगाला सगळेच शोधत असतात.